अठरा सेंटांचे बिल

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाजवळच्या पाइनच्या झाडीत फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३२ साली एक टुमदार घर बांधले. ते तेव्हा न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते, आणि घराला साडेआठ हजार डॉलरांहून थोडा अधिक खर्च आला. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि या घराला ‘लिटल व्हाइट हाउस’ हे नाव पडले. १२ एप्रिल १९४५ रोजी एक चित्रकर्ती त्यांचे चित्र काढीत असताना रूझवेल्ट येथेच कोसळले आणि मरण पावले. १९४८ पासून हे घर लोकांना पाहण्यासाठी खुले आहे.

प्रवासी येतो तो बहुधा ते अपुरे राहिलेले चित्र पाहण्यासाठी. एवढ्या बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाचे घर अवघ्या सहा खोल्यांचे, बैठक आणि जेवणाची जागा एकच, निजण्याची खोली अरुंद, आणि चाकांची खुर्ची म्हणजे साध्या खुर्चीला चाके लावून केलेली. हे पाहून तो हळहळतो आणि साधेपणाची वाखाणणी करीत बाहेर पडतो. सेवाग्रामची मातीची बापूकुटी पाहिलेल्या मराठी माणसाला सहा खोल्यांचे कौतुक बेताचेच वाटेल. शिवाय हा साधेपणा एका धनवंताचा होता. हडसन नदीकाठी त्यांचा वडिलोपार्जित वाडा होताच. तेव्हा या घराचे महत्त्व त्याच्या भिंतींच्या लांबीरुंदीत शोधणे व्यर्थ होय.

ते शोधायचे तर १९२४ सालाकडे जावे लागते. तीन वर्षांपूर्वी पोलिओने रूझवेल्ट यांचे पाय निकामी केले होते. येथल्या सुमारे ३१ अंश उष्णतेच्या झऱ्यात पोहल्याने गुण येतो असे ऐकून ते प्रथम आले आणि एका छोट्या घरात उतरले. महिनाअखेर विजेचे बिल आले, तेव्हा दर युनिटला अठरा सेंट पडला होता. न्यूयॉर्ककडील आपल्या घरी ते जो दर देत त्याच्या हा जवळजवळ चौपट. ही हकीकत त्यांनी स्वतःच ऑगस्ट १९३८ मध्ये, जवळच्या बार्न्सव्हिल गावी एका सहकारी वीजसंस्थेच्या उद्घाटनात सांगितली, आणि विजेच्या दरांचा आपला अभ्यास त्या बिलापासून सुरू झाला असे म्हटले.

त्या अभ्यासाचे फलित मोठे होते. १९३५ साली ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले, तेव्हा अमेरिकेतील दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. विरळ वस्तीत तारा ओढणे परवडत नाही, असे खाजगी कंपन्यांचे म्हणणे, आणि नफ्याच्या हिशेबाने ते खोटेही नव्हते. शासनाने स्वतः वीज विकली नाही. त्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना अल्प व्याजाने दीर्घ मुदतीची कर्जे दिली. सभासदाने पाच डॉलर भरावे, मतही त्याचेच आणि बिलही त्याचेच. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत दहापैकी नऊ शेतघरे उजळली.

याच घराच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर डेझी बॉनर या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीने लिहिलेली एक ओळ आज काचेआड जपलेली आहे. अध्यक्षांसाठी या घरातले पहिले आणि शेवटचे जेवण आपण रांधले, एवढेच तिचे म्हणणे. रूझवेल्ट यांनी तेथे उभारलेल्या पोलिओ उपचारकेंद्रात मात्र तिच्या वर्णाच्या रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी निराळे केंद्र १९४१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे निघाले. शेजाऱ्याचा वीजदर ज्या डोळ्यांना दिसला, त्यांना हा भेद दिसला नसेल असे मानणे कठीण. दक्षिणेतील गोऱ्या मतांचे राजकारण त्यांना परवडेना, हेच खरे.

मराठी वाचकाला ही कथा अगदीच परकी नाही. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ निघाले आणि त्यापाठोपाठ अमेरिकन सहकारी वीजसंस्थांच्या साहाय्याने देशात पाच प्रायोगिक संस्था उभ्या राहिल्या. श्रीरामपूर-राहुरी परिसरातील मुळा-प्रवरा ही त्यांपैकी एक. तिने वीज मंडळाकडून घाऊक घ्यावी आणि सभासदांना विकावी अशी योजना होती. चार दशके ती चालली. मंडळाची थकबाकी मात्र फुगत गेली आणि २०११ मध्ये तेथील वितरण महावितरणकडे आले. सहकाराची कल्पना चुकली, असा निष्कर्ष यातून सरसकट काढला जातो. तो घाईचा आहे. अमेरिकन सभासदाच्या घरी मीटर होता. आपल्याकडे असंख्य कृषिपंपांची आकारणी अश्वशक्तीवर होत आली, म्हणजे वीज किती जळाली हे ना शेतकऱ्याला कळे, ना संस्थेला. गळती किती, चोरी किती आणि पाण्याला खरोखर किती लागली, ही तिन्ही खाती एकाच अंदाजात मिसळली. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाली. शेतकऱ्याची अडचण पाहता या सवलतीला विरोध करणे सोपे नाही, परंतु रात्रीच्या पाळीत वीज आली काय आणि रोहित्र जळून आठवडा गेला काय, तक्रार करताना पुढे ठेवायला त्याच्या हाती भरलेल्या बिलाचा कागदही उरत नाही.

आणि ज्यांनी तो कागद वाचून अस्वस्थ व्हावे, त्या मंत्र्यांच्या शासकीय बंगल्यांचे वीजबिल सरकारी तिजोरीतून परस्पर भरले जाते.