जुन्या मालाची पारख आणि कारागिराचे नाव

जुना माल समोर आला की आपण भाव वजनावर लावतो. लाकूड असेल तर जळाऊ, लोखंड असेल तर भंगार. युरोप-अमेरिकेतले शौकीन मात्र आफ्रिकेतले जुने मुखवटे आणि जपानी पेट्या-कपाटे यांना मोठी किंमत मोजतात. श्रीमंतांचा नाद म्हणून हे सोडून देऊ नये. यात आपल्या धंद्यासाठी सबक आहे.

2021 साली फ्रान्समधील एका वृद्ध जोडप्याने गॅबनमधल्या फांग जमातीचा लाकडी मुखवटा जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला 150 युरोंना विकला. नवऱ्याचे आजोबा आफ्रिकेत फ्रेंच अधिकारी होते, त्यांनी तो आणलेला. मार्च 2022 मध्ये लिलावात तोच मुखवटा 42 लाख युरोंना गेला. जोडपे कोर्टात गेले. डिसेंबर 2023 मध्ये निकाल व्यापाऱ्याच्या बाजूने लागला. मालाची पारख न करता विकणाऱ्याचे कोर्टही ऐकत नाही. पण ज्याने तो कोरला त्याचे काय? त्याचे नावसुद्धा कोणाला ठाऊक नाही.

आता जपान पाहा. तिथल्या लाकडी पेट्यांना तान्सू म्हणतात. जहाजावरच्या व्यापाऱ्यांची फुना-दान्सू बाहेरून केयाकी या कठीण लाकडाची, वर लोखंडी पट्ट्या. आतले खण किरी या हलक्या लाकडाचे. रोकड, शिक्के आणि कागद ठेवायला चोरकप्पे. जुन्या तान्सूला शौकीन आहेतच. पण सेंदाई आणि इवायादो येथे कारागीर आजही नवे तान्सू बनवतात. 1974 च्या कायद्याने जपानने अशा पारंपरिक हुनरांना सरकारी मान्यता आणि खुणेची चिठ्ठी दिली. जुन्याच्या इज्जतीवर नव्याचा धंदा उभा राहिला.

आपल्याकडे उलट प्रकार दिसतो. नव्या लाकडाला धूर आणि चहाचे पाणी देऊन ‘शंभर वर्षांचे’ म्हणून खपवतात. आफ्रिकी मुखवट्यांच्या बाजारातही अशा नकलांचा सुळसुळाट आहे, म्हणून तिथे गिऱ्हाईक आधी मालाचा इतिहास विचारते. शिवाय शंभर वर्षांवरील कलावस्तू खासगी व्यापाऱ्याने परदेशी पाठवणे 1972 च्या कायद्याने मना आहे. म्हणजे खोटे बोलून फायदा नाही आणि खरे असेल तर निर्यात नाही.

तेव्हा सुतार, नक्षीकार आणि विणकर बांधवांनी मालावर नाव, गाव आणि साल घालावे. व्यापाऱ्याने ते पुसू नये, बिलावर लिहावे. नवा माल नवा म्हणूनच विकावा. पन्नास वर्षांनी त्याची किंमत होईल, तेव्हा नाव तरी आपले असेल.