पूर ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरले आणि पुढच्या आठवड्यांत मुंबईतील रुग्णालयांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण येऊ लागले. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात मिसळतात आणि पायाच्या जखमांतून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात. पुराच्या बातम्या थांबतात, तेव्हा आजार सुरू होतो.

कोल्हापूर-सांगलीत २०१९ मध्ये आणि चिपळूण-महाडमध्ये २०२१ साली घरे पाण्याखाली गेली, तेव्हा बोटी आणि धरणांच्या विसर्गाची भरपूर चर्चा झाली. ती हवीच. पण आज घरोघरी मधुमेह, रक्तदाब, दमा यांचे रुग्ण आहेत. मिरगीची गोळी अचानक बंद झाली तर झटके येऊ शकतात. पूर्णपणे इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या मुलाचा जीव ते न मिळाल्यास एक-दोन दिवसांतही धोक्यात येतो. निवारा केंद्रात तांदूळ पोहोचतो; पण आजोबांची ‘ती छोटी पांढरी गोळी’ नेमकी कोणती, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

म्हणून नदीकाठच्या किंवा सखल भागातील प्रत्येक घरात पावसाळ्याआधी एक पिशवी भरलेली असावी. तीत पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, ओआरएसची पाकिटे, मेडिक्लोर आणि बॅटरी असावी. सगळे घट्ट बंद प्लास्टिकमध्ये ठेवावे. चिठ्ठीचा फोटो नात्यातल्या दोघांच्या मोबाइलवर असावा. इन्सुलिन आयत्या वेळी सोबत घ्यावे. वापरात असलेली बाटली उन्हापासून दूर, गार जागी साधारण चार आठवडे टिकते. ती बर्फाला टेकवून मात्र ठेवू नये.

पुराच्या पाण्यातून चालावे लागलेच तर पाय साबणाने धुवावेत, जखम झाकावी आणि आरोग्य केंद्रात दाखवावे. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिले जाते. शक्यतो ७२ तासांच्या आत, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. गर्भवती आणि लहान मुलांनी ते परस्पर घेऊ नये. नंतरच्या पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे यांपैकी काही जाणवले, तर दुकानातून वेदनाशामक गोळी आणून दिवस काढू नयेत. डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ एवढे आवर्जून सांगावे. या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.

प्रशासनाचेही एक काम आहे. इन्सुलिन घेणारे, डायलिसिसवरचे रुग्ण आणि दिवस भरत आलेल्या गर्भवती यांची गाववार यादी आशाताई सहज करू शकतात. ती यादी पाऊस सुरू होण्याआधी तहसील कचेरीत आणि निवारा केंद्रात पोहोचली, तर बोट आधी कोणत्या दारात न्यायची हे ऐनवेळी विचारावे लागणार नाही.