सहज सुचलं : जान-पहचान



गेल्या महिन्यात शारजात भिशीच्या निमित्ताने आम्ही चार कुटुंबे जमलो होतो. साबुदाणावडे संपतात न संपतात तोच मुलांनी टीव्हीवर एक गाणे लावले आणि आम्ही मोठी माणसे चकित झालो. 'गुमनाम'मधले 'जान पहचान हो'! मुलांना ते 'घोस्ट वर्ल्ड' या २००१ च्या इंग्रजी सिनेमामुळे ठाऊक. तो सिनेमा याच गाण्याने सुरू होतो.

मग काय, आम्हाला चेव आला. सिनेमा १९६५ चा, दिग्दर्शक आपले राजा नवाथे, नायिका आपली नंदा, संगीत शंकर-जयकिशनचे, आवाज रफीसाहेबांचा, मुखवटा घालून बेभान नाचणारी लक्ष्मी छाया. सगळे तोंडपाठ!

"आणि बँड कोणाचा?" एका चिमुरडीने विचारले. आम्ही गप्प.

उत्तर तिनेच शोधले : टेड लायन्स अँड हिज कब्ज. बीटल्सच्या लाटेत मुंबईत जे बीट ग्रुप उभे राहिले, त्यांतला हा एक. पुढे एका सिगारेटच्या नावाने 'सिमला बीट' स्पर्धा होऊ लागल्या. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांतल्या ग्रुपांच्या तबकड्याही निघाल्या. पण सिनेसंगीताच्या राज्यात इंग्रजी गाणी वाजवणाऱ्या पोरांना कितीशी जागा मिळणार? टेड लायन्सच्या ग्रुपला सारे जग आजही पाहते. नाव मात्र कोणी विचारत नाही. सिनेमाचे नावही नेमके 'गुमनाम'!

आम्ही हसलो खरे, पण घरी परतताना गाडीत सगळे गप्प होते. आपल्या गणपतीत इतकी वर्षे ढोलकी वाजवणारे दादा आठवतात ना? डबल ड्यूटी करून, लेबर कँपवरून बस बदलत यायचे. गेल्या वर्षी ते कायमचे गावी गेले. आम्ही याच पानावर प्रायोजकांचे आभार मानले, प्रसादाचे मानले, हॉलचेसुद्धा मानले. दादांचे नाव राहिले. खरे सांगायचे, तर आम्हाला ते ठाऊकच नव्हते. आम्ही विचारलेच नव्हते.

वाचकांपैकी कोणाकडे त्यांचा पत्ता असेल, तर जरूर कळवा. त्यांची हरकत नसेल, तर पुढच्या अंकात त्यांचे पूर्ण नाव छापू, पहिल्या पानावर.

आणि यंदा गणपतीत कोणी नवीन वाजवायला बसले, तर चहा देताना आधी नाव विचारू या.