अध्यक्षांचे शब्द आणि नागपूरचा धडा

अमेरिकेच्या अध्यक्षांनी भारताला मित्र म्हटले की आपण हुरळून जातो आणि डोळे वटारले की हादरतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लागले, तेव्हा नागपुरात कळमन्याच्या बाजारातही हाच विषय होता. मला ही दोन्ही टोके घातक वाटतात. कारण शंभर वर्षांपूर्वीचा अनुभव आपल्या गाठीशी आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बळाचा मार्ग धरला. १९०३ मध्ये पनामा कोलंबियापासून फुटला, तो त्यांच्या युद्धनौकांच्या आधाराने; कालव्याची जमीन अमेरिकेला मिळाली. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी बँकांची कर्जे आणि गुंतवणूक पुढे केली, तरी १९१२ मध्ये निकाराग्वात फौज उतरवलीच. मग आलेले वुड्रो विल्सन नीतीची भाषा बोलले. पण १९१४ मध्ये मेक्सिकोचे वेराक्रूझ बंदर आणि १९१५ मध्ये हैती त्यांच्याच सैन्याने ताब्यात घेतले. तिघांची वाणी निराळी, पण हित पाहिले ते अमेरिकेचेच.

भारताच्या वाट्याला काय आले? जानेवारी १९०९ मध्ये रूझवेल्ट यांनी भारतातल्या ब्रिटिश राजवटीची जाहीर स्तुती केली. तेव्हा लोकमान्य टिळक त्याच राजवटीच्या कैदेत, मंडालेच्या तुरुंगात होते. १९१८ मध्ये विल्सन यांनी चौदा मुद्दे मांडले, स्वयंनिर्णयाचा उच्चार केला आणि पारतंत्र्यातल्या देशांना आशा वाटू लागली. ब्रिटिश पत्रकार चिरोल यांच्यावरील बदनामीच्या खटल्यासाठी लंडनला गेलेल्या टिळकांनी जानेवारी १९१९ मध्ये विल्सन यांना पत्र लिहून भारतासाठी तोच हक्क मागितला. सचिवाकडून उत्तर आले, त्याचा आशय असा : योग्य वेळी योग्य अधिकारी विचार करतील. पॅरिसच्या परिषदेत भारताच्या नावाने बसले ते ब्रिटिश सरकारने निवडलेले बिकानेरचे महाराजा आणि लॉर्ड सिन्हा. काँग्रेसने नेमलेल्या टिळकांना तिथे जाऊ दिले नाही.

टिळकांनी पत्र लिहिले हे योग्यच केले. बलाढ्याने जगासमोर शब्द उच्चारला की तो त्याच्यापुढे ठेवलाच पाहिजे. पण त्या शब्दावर आपला संसार मांडायचा नसतो. ऑगस्ट १९२० मध्ये टिळक गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनाने हे ओळखले. काँग्रेसने स्वराज्य हे ध्येय ठरवले, लंडनमधली आपली ब्रिटिश समिती बंद केली, चार आणे वर्गणीवर गावोगाव सभासद करायचे ठरवले आणि भाषावार प्रांतिक समित्या उभ्या केल्या. परक्या दरबारात खर्च होणारी ताकद घराकडे वळली.

आज हाच धडा बाजारालाही लागू आहे. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवत नेले आणि विदर्भाच्या संत्र्याची निर्यात रोडावली, कारण आपण एकाच गिऱ्हाइकावर विसंबलो होतो. सोयाबीनचा भावही शिकागोच्या वायदेबाजाराकडे पाहून हलतो. वॉशिंग्टनशी वाटाघाटी जरूर व्हाव्यात, त्यांनी दिलेला प्रत्येक शब्द त्यांना ऐकवावा. पण हमीभावाने वेळेवर खरेदी, संत्र्यावर प्रक्रिया करणारे कारखाने, शीतगृहे आणि एकाहून अधिक देशांत गिऱ्हाइके ही कामे कोणाच्या मैत्रीची वाट पाहत थांबता कामा नयेत. सरकारने विदर्भाला या कामांचे वेळापत्रक द्यावे आणि शेतकरी संघटनांनी ते मागून घ्यावे.