घाटमाथ्यावरचा पाऊस कोणासाठी मोजता?

हवामान विभाग, राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि घाटमाथ्यावरील जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी यांस,



पावसाळ्यात साताऱ्याकडच्या वर्तमानपत्रांत तीन नावे एकत्र छापून येतात : कोयना, नवजा, महाबळेश्वर. पुढे चोवीस तासांचा पाऊस आणि लगेच खाली धरणातला साठा. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, हे आमच्याकडची शाळकरी पोरेही सांगतील. पण वाडीच्या डोक्यावरच्या डोंगरात गेल्या तीन दिवसांत किती पाणी मुरले, हे वाडीत कोणालाच सांगता येत नाही. ते कोणी मोजलेलेच नसते. घाटातला पाऊस धरणासाठी मोजला जातो, डोंगराखाली झोपणाऱ्यांसाठी नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

अंदाज चुकतात म्हणून हे पत्र लिहीत नाही. अंदाज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारले आहेत. ‘सातारा जिल्ह्यात मुसळधार’ या एका ओळीला काही अर्थ नसायचा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, माण तालुक्यात जेमतेम पाचशे, आणि जिल्हा एकच. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीतसुद्धा महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी पडतो. आता तुम्ही पुणे, सातारा, कोल्हापूरच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देता, हे चांगले झाले. पण घाटमाथा म्हणजेही काही एक गाव नव्हे. महाबळेश्वरच्या बाजूला कोसळतो तेवढाच पाऊस पाटणच्या खोऱ्यात त्याच रात्री कोसळेल असे नाही.

शिवाय इशाऱ्याच्या रंगांचे घोडे एका ठिकाणी अडते. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेला की ‘अत्यंत मुसळधार’, आणि तिथे वर्गवारी संपते. २३ जुलै २०२१ च्या सकाळी महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत ५५६. दोनशे दहा आणि सहाशे यांतला फरक दाखवायला लालच्या पुढे तुमच्याकडे रंगच नाही. आमच्याकडे जुलैत लाल इशारा इतक्या वेळा येतो, की लोक तो वाचतात आणि भातलावणीला जातात. लावणी थांबत नसते.

आता दरडींच्या तारखा पाहा. माळीण, ३० जुलै २०१४ : दीडशेहून अधिक माणसे गेली. तळिये, २२ जुलै २०२१ : ऐंशीहून अधिक, त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव. इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र : २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. सगळ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या, शेतकरी ज्याला तरणा-म्हातारा पाऊस म्हणतात त्या दिवसांतल्या. यात गूढ काही नाही. जूनपासून माती पाणी पीत असते. खाली काळा पाषाण, वर झिजलेला मुरूम आणि माती, उतार उभा. पाणी खडकापाशी अडते, माती जड होते, आणि मग चार-दोन दिवसांची संततधार पुरते. म्हणून दरडीसाठी आजचा आकडा पुरेसा नाही, साठत गेलेला पाऊस लागतो. इर्शाळवाडीत तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर झाल्याचे विधानसभेत सांगितले गेले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हेही तिथेच कळले. म्हणजे केवळ यादीच्या भरवशावर राहून भागणार नाही.

‘महावेध’ची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे राज्यात आहेत, हे मला ठाऊक आहे. ती महसूल मंडळाला एक अशी आहेत, आणि त्यांच्या नोंदींचा मोठा उपयोग पीकविम्याला होतो. डोंगरी मंडळात एका केंद्राखाली कडा, दरी आणि सपाटी सगळेच येते. महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, म्हणजे विज्ञानही दूर नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने दरडींचे पूर्वानुमान देणारे राष्ट्रीय केंद्र २०२४ मध्ये कोलकात्यात उघडले, सुरुवात दार्जिलिंग, कालिम्पाँग आणि निलगिरीपासून केली. सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीचा नंबर लागेपर्यंत आम्ही काय करायचे?

तोपर्यंत वाडीवाडीत साधे पर्जन्यमापक बसवा. विजेवर चालणारे नको. वीज आणि मोबाइलची रेंज नेमक्या त्याच दिवशी जाते. माळीण दिसत नाही ही पहिली खबर एसटीच्या चालकाने दिली होती, हे विसरू नका. वाडीतल्या अंगणवाडी सेविकेला किंवा पोलीस पाटलाला रोज सकाळी साडेआठला नोंद करू द्या, त्याचे मानधन द्या. भूवैज्ञानिकांकडून त्या उताराचा आकडा ठरवून घ्या : तीन दिवसांत इतका झाला की वाडी सोडायची. तो शाळेच्या भिंतीवर ठळक रंगवा. जमिनीला भेग दिसली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर आकड्याचीही वाट पाहायची नाही. आणि सोडायचा निर्णय गावातच होऊ द्या. तालुक्याच्या फोनची वाट पाहण्यात रात्र जाते. (धबधब्यांवर पर्यटकांना बंदी करायची असली की आदेश कसा वेळेत निघतो, हे आम्ही पाहतो.)

माणसे का हलत नाहीत, हेही विचारा. दर पावसाळ्याच्या तोंडावर स्थलांतराची नोटीस येते, सही करून घेतली जाते, अर्थ एवढाच, की पुढचे तुमचे तुम्ही पाहा. जायचे कुठे, तर झेडपीच्या शाळेत. माणसे व्हरांड्यात मावतात. दोन म्हशी, एक बैलजोडी आणि शेळ्या कुठे बांधायच्या? गोठा सोडून कोणी जात नाही, आणि गेलेला माणूस रात्री वैरण टाकायला परत येतो. निवाऱ्यापाशी पत्र्याची शेड, चारा आणि पाणी ठेवा.

यातले काय आर्द्रा लागण्याआधी होईल आणि काय होणार नाही, ते वाडीनिहाय लेखी कळवावे. नाही म्हणालात तरी चालेल. मग आमची व्यवस्था आम्ही आत्ताच, उघडीप असताना लावू.

आपला,
घाटमाथ्यावरचा एक रहिवासी