उंबरठ्यावरची वीस मिनिटं

शिंदेवाडीच्या पुढच्या चढावर, रात्री सव्वा वाजता, मी सायकलवरून उतरले आणि ती ढकलत चालायला लागले. 300 किलोमीटरच्या बीआरएमचे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब सायकल राइडचे, जेमतेम वीस किलोमीटर उरले होते. सकाळी सहाला सुटलेल्या आम्हाला रात्री दोनच्या आत पुण्यात परतायचं होतं. मी पोचले दोन वाजून पंचवीस मिनिटांनी. स्वयंसेवक मुलानं माझं वेळेच्या नोंदीचं ब्रेव्हे कार्ड घेतलं, घड्याळाकडे पाहिलं, शिक्का बाजूला ठेवला आणि चहाचा कप पुढे केला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. 300 किलोमीटरला वीस तास, हा नियम सगळ्यांना सारखाच.

चुकलं होतं ते आधीच्या चार महिन्यांत. आमच्या सायकल ग्रुपवर दर रविवारी संध्याकाळी आठवड्याच्या किलोमीटरचा तक्ता पडतो. त्यात वर सरकायचं म्हणून मी मिळेल त्या रविवारी शंभर-सव्वाशे किलोमीटर तुडवत होते. वेग कायम तोच, धड आरामाचा नाही आणि धड कष्टाचाही नाही. घरी आल्यावर पाय दुखायचे, पुढच्या रविवारी तितकेच दुखायचे. बँकेची नोकरी, दहावीतला मुलगा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई; ज्या रविवारी निघता येत नसे त्या रविवारी तक्त्याकडे बघवत नसे.

ग्रुपमधले निवृत्त पी.टी. सर एकदा म्हणाले, “ताई, किलोमीटर पुष्कळ झाले. आता आठवड्यातून दोनदा जरा धाप लागू द्या.”

त्या ‘जरा’मध्ये सगळं शास्त्र आहे. स्नायू काम करताना लॅक्टेट तयार होतं आणि शरीर ते वापरतही असतं. ठरावीक जोरापर्यंत आवक-जावक जुळते. त्यापलीकडे आवक वाढते, श्वास फुलतो आणि काही मिनिटांत पेडल जड होतं. ही सीमा म्हणजे थ्रेशोल्ड, आपल्या भाषेत उंबरठा. तासभर टिकवता येईल असा जास्तीत जास्त जोर, असा त्याचा ढोबळ अर्थ. मला तो गॅसपाशी उभं राहून कळला. दूध वर येतं, आपण आच किंचित कमी करतो. ते उतू जात नाही आणि खालीही बसत नाही. तिथंच ते धरून ठेवायचं. या जोरात दोन-चार शब्द बोलता येतात, गप्पा मारता येत नाहीत.

वॅट मोजणारं महागडं यंत्र माझ्याकडे नाही. छातीला बांधायचा पट्टा आहे. अर्धा तास एकसारखा टिकेल इतक्या जोरात सायकल मारली आणि शेवटच्या वीस मिनिटांची नाडीची सरासरी काढली. ती 164 आली. मंगळवारी पहाटे घरीच, स्टँडवर मागचं चाक अडकवून आठ-आठ मिनिटांचे तीन तुकडे, मध्ये पाच मिनिटं अगदी हलकं पेडल. पुढं दहाचे तीन, मग बाराचे तीन, आणि अडीच महिन्यांनी वीस-वीसचे दोन. शुक्रवारी बोपदेव घाट. येवलेवाडी ओलांडली की चढ सुरू होतो आणि वरपर्यंत सोडत नाही. त्याच नाडीवर पहिल्यांदा मला सव्वीस मिनिटं लागली होती, बाराव्या आठवड्यात तेवीस. एप्रिलच्या उकाड्यात नाडी उगाचच आठ-दहा ठोके वर पळते. तेव्हा पट्ट्यापेक्षा श्वासाचं ऐकायचं.

कुणी विचारेल, 300 किलोमीटर काही धापा टाकत जात नाहीत, मग याचा उपयोग काय? उपयोग असा, की उंबरठा वर सरकला की खालचं सगळंच सोपं होतं. समजा माझी सीमा 140 वॅटची आहे आणि सपाट रस्त्यावर मी 100 वॅट लावते, म्हणजे कुवतीच्या एकाहत्तर टक्के. सीमा 160 झाली की तेच 100 वॅट बासष्ट-त्रेसष्ट टक्क्यांवर येतात. चौदाव्या तासाला हा फरक पायांना कळतो. बीआरएमला वेग तरी किती लागतो? थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटर. त्यात मी चहा आणि मिसळीपायी अडीच तास घालवले होते, हेही कबूल करायला हवं.

माझं भांडण लांब राइडशी नाही. सीटवर बारा तास बसणं, हात बधिर होणं, भूक नसताना खाणं, अंधारात खड्डा ओळखणं, हे घाटातल्या वीस मिनिटांत शिकता येत नाही. महिन्यातून एकदा-दोनदा लांब जावंच लागतं. आणि उंबरठ्याचा हव्यास धरणारेही मी पाहिलेत. रोज दूध उकळवलं तर पातेलं करपतं. दोन कठीण दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा, बाकीच्या राइड इतक्या हळू की शेजारच्याशी गप्पा व्हाव्यात, आणि चौथा आठवडा सैल. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी डॉक्टरांना हृदय दाखवून घ्यावं, मीही ते केलं.

भांडण आहे ते किलोमीटरलाच मोठेपण मानण्याशी. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये दोघांचा संघ म्हणून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा आपण त्या बातमीतून सुमारे 4800 किलोमीटर हा आकडा उचलला. आता 2027 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या गप्पा सुरू आहेत, त्यातही 1200 किलोमीटर आणि 90 तास हेच तोंडी असतं. त्यासाठीचा सराव कुणी आणि कुठल्या वेळात करायचा, हे कुणी विचारत नाही. सात तास रस्त्यावर घालवायला मोकळा रविवार लागतो, आणि असा रविवार ही श्रीमंती आहे. ती ज्यांच्याकडे नाही, त्यात बायका जास्त, त्यांना तो तक्ता दर आठवड्याला सांगतो की हा खेळ तुमचा नाही. मंगळवारी पहाटेचा तासाभराचा सराव मात्र घर उठायच्या आत आटोपतो, हायवेवर न जाता.

पुढच्या हिवाळ्यात तोच 300 चा रस्ता मी पुन्हा केला. शिंदेवाडीच्या चढावर नाडी 138 होती आणि शेजारच्या मुलीशी तिच्या सासरबद्दल बोलत मी चढ संपवला. कार्डावर शिक्का बसला तेव्हा बारा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

ग्रुपवरचा तक्ता अजून पडतो. त्यात माझं नाव खालून तिसरं असतं. त्या संध्याकाळी मी मुलाचा अभ्यास घेत असते.