घुमट शार्प, हात हललेले

प्रत्येक हॉस्टेलमध्ये एक 'फोटोवाला' असतो. गॅदरिंग असो, ट्रेक असो की फेअरवेल, त्याच्या गळ्यात कॅमेरा आणि बाकीच्यांच्या तोंडी एकच वाक्य, "अरे, माझा एक सिंगल काढ ना!" आमच्या विंगमध्ये तो फोटोवाला मी होतो. त्यामुळे रूमपार्टनरच्या लग्नाचे फोटो मीच काढणार, हे सेकंड इयरलाच ठरलं होतं. फक्त ते लग्न सांगलीच्या एखाद्या कार्यालयात न होता सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलमध्ये होईल आणि त्या दिवशी धो धो पाऊस असेल, हे काही ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी मी एक घोळ घातला. त्या घोळातून माझं एक ठाम मत झालंय, ते आज तुमच्यासमोर मांडतो.

गोष्ट मार्च २०२३ ची. नोकरीनिमित्त आम्ही दोघंही तिकडेच होतो. दोघांच्याही आईवडिलांना यायचं होतं, पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीखच वर्षभर पुढची मिळत होती. शेवटी "तुम्ही तिकडे रीतसर करून घ्या, इकडे आल्यावर सत्यनारायण घालू," असं काकूंनीच, म्हणजे रूमपार्टनरच्या आईनेच, सांगितलं. त्यांना पाडव्याचा मुहूर्त हवा होता. पाडव्याचा स्लॉट मिळाला नाही, त्याच आठवड्यातला मिळाला. सकाळी अकरा. म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेअकरा.

जागा मात्र अशी की आपल्या सिव्हिलवाल्यांनी पाहतच राहावं. १९०६ च्या भूकंपात शहराचा जुना सिटी हॉल कोसळला. आर्थर ब्राउन ज्युनिअर या आर्किटेक्टने केलेला आजचा सिटी हॉल १९१५ साली उभा राहिला. त्याचा घुमट तीनशे फुटांहून उंच, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षाही उंच. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपात या इमारतीलाही दणका बसला. मग तिच्या पायाखाली शिसं आणि रबर यांचे पाचशेहून अधिक बेस आयसोलेटर बसवले आणि १९९९ मध्ये ती पुन्हा उघडली. जमीन हलली तर इमारत ताठ उभी राहून भांडत नाही, आयसोलेटरवर सावकाश सरकते. मेरिलिन मन्रो आणि जो डिमॅजिओ यांचं लग्न १९५४ च्या जानेवारीत इथेच लागलं. आजही रोज कितीतरी जोडपी संगमरवरी जिन्याच्या वर, घुमटाखाली उभी राहतात. सहा पाहुण्यांची मर्यादा, एक साक्षीदार आणि पाच-सात मिनिटांत लग्न! आपल्याकडे तेवढ्या वेळात अंतरपाटसुद्धा सापडत नाही.

मी आठवडाभर आधी चाळीस फोटोंची यादी केली होती. त्यातले पंधरा बाहेरचे: समोरचं मैदान, मागे घुमट, उडणारा पदर वगैरे. तिकडचा पाऊस हिवाळ्यातला, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातून त्या वर्षी तर वादळांची रांगच लागली होती. सकाळी ट्रेनच्या स्टेशनवरून बाहेर पडलो तर पाऊस आडवा. छत्री उलटी, माझे बूट भरलेले, वहिनींच्या पैठणीचा काठ पार ओला. माझी यादी तिथेच वाहून गेली आणि माझं डोकं फिरलं. बाहेरचे पंधरा गेले, तर ती कसर आत भरून काढायची, असं मी ठरवलं. म्हणून आत शिरल्यापासून मी घुमट, कमानी आणि जिना यांच्याच मागे. नवरा-नवरी कुठे आहेत, काय बोलताहेत, इकडे माझं लक्षच नव्हतं.

आमचा नंबर आला. एका मित्राने सांगलीला व्हिडिओ कॉल लावून मोबाइल वर धरला. मी तीन पायऱ्या खाली बसलो, कारण तिथून घुमट पूर्ण फ्रेममध्ये येत होता. दगडाचं कोरीवकाम स्वच्छ यावं म्हणून आयएसओ कमी ठेवला, शटर १/१५ वर. अंगठ्या झाल्या. मग त्याने खिशातून मंगळसूत्र काढलं. काकूंनी सांगलीत करून घेऊन एका येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलेलं. त्याचे हात थरथरत होते, फासा बसेना. मी खालून तीन फोटो काढले. तेवढ्यात मोबाइलवरचं चित्र गोठलं. ते परत सुरू झालं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

नंतर कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठं करून बघितलं. तिन्ही फोटोंत घुमट शार्प, हात हललेले. काकूंनी स्वतः निवडून पाठवलेलं मंगळसूत्र सुनेच्या गळ्यात पडलं तो क्षण त्यांच्याकडे कुठेच नाही. कॉलमध्ये नाही आणि माझ्यामुळे फोटोतही नाही. मी ओशाळून म्हटलं, "वहिनी, परत एकदा घालून घेऊ या का?" त्या हसून म्हणाल्या, "नको हो भावजी. परत घातलेलं ते परत घातलेलंच." त्यांचं बरोबर होतं.

मग मी यादी खिशात टाकली. चौथ्या मजल्यावर मोठ्या खिडक्यांची गॅलरी आहे. बाहेर ढग दाटल्यामुळे खिडकीतून अगदी मऊ उजेड येत होता. स्टुडिओत जो उजेड पैसे देऊन करावा लागतो, तो पावसाने फुकट दिला होता. वहिनी काठ पिळत होत्या, रूमपार्टनर गुडघ्यावर बसून रुमालाने त्यांच्या चपला पुसत होता. मी न सांगता फोटो काढले. सगळ्या दिवसात तेच काय ते फोटो!

रात्री सगळे फोटो सांगलीला पाठवले. काकूंचा फोन आला. घुमटाबद्दल एक शब्द नाही. "ती भिजली का रे? सर्दी नाही ना झाली? छत्री धरलीय तो कोण? मंगळसूत्र घालताना ती रडली का? आणि तुम्ही जेवलात कुठे?" पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं गॅलरीतल्या फोटोंनी दिली. चौथ्याचं माझ्याकडे नव्हतं. पाचव्याचं उत्तर होतं पिझ्झा, आणि त्याचाही फोटो नव्हता.

म्हणून माझं मत असं की लग्नाचा फोटो आधी तिथे नसलेल्या माणसासाठी काढायचा असतो. जागा कितीही ऐतिहासिक असो, तिचे उत्तम फोटो बाजारात मिळतात. आपल्या माणसांचे मिळत नाहीत. कोणी म्हणेल, लग्न एकदाच होतं, मग भव्य फोटो नकोत का? हवेत ना! एक काढा, दोन काढा. पण हल्ली प्री-वेडिंगपासून सगळा सोहळाच कॅमेऱ्यासाठी होतो आणि पाऊस आला की 'फोटो खराब झाले' म्हणून रडारड. पाऊस हा त्या दिवसाचा भागच असतो. तो दिसू द्या. त्या इमारतीला जे जमलं ते मला जमलं नाही, जमीन हलल्यावर थोडं सरकायचं असतं.

आता थोडं उपयोगाचं. तुमच्यापैकी अनेकांच्या ताई-दादांची लग्नं चैत्र-वैशाखात असतील आणि वळीव काही पत्रिका बघून येत नाही. छत्री शक्यतो पांढरी किंवा पारदर्शक घ्या, लाल छत्रीखाली चेहरेही लाल येतात. पावसात समोरून फ्लॅश मारलात तर थेंबच चमकतात. आत अंधार असेल तर आयएसओ बिनधास्त वाढवा आणि शटर १/१२५ च्या खाली नेऊ नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला हात चालत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आदल्या रात्री ज्याला येता येणार नाही त्याला फोन करून विचारा, "तुम्हाला काय बघायचंय?" तीच तुमची यादी.

मी तो फोन केला नव्हता. केला असता तर काकूंनी मला चाळीस नाही, एकच फोटो सांगितला असता.